शिफ्ट सांभाळून शिकताना

सकाळी सहाच्या सुमारास चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात कंपन्यांच्या बसची वाट पाहणारी विशीतली मुले-मुली दिसतात. पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. अनेकांच्या सॅकमध्ये डब्याशेजारी एखादे पुस्तकही असते. लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून आलेली ही मुले आयटीआय किंवा डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलेली असतात. कोणाची डिग्री अर्धी राहिलेली असते, कोणी मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम. करत असते, तर कोणाला पोलीस भरती गाठायची असते.

चाकण हे एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे खेड तालुक्यातले गाव. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन असे मोठे कारखाने आले आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीपर्यंत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. एका खोलीत तीन-चार जण, त्यांच्या शिफ्ट वेगळ्या आणि परीक्षाही वेगळ्या. ‘वेळेचे नियोजन करा’ हा सल्ला या मुलांना उठता-बसता मिळतो. पण त्यांची वेळ त्यांच्या हातात नसते, ती शिफ्टच्या तक्त्यावर ठरते. त्यामुळे नियोजन तिथूनच सुरू करावे लागते.

काम करत शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वावलंबनातून शिक्षणाची वाट खेड्यातल्या हजारो मुलांना खुली केली. 1947 मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर उभे राहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही कर्मवीरांच्या नावाने ही योजना चालते. या व्यवस्थेत काम, वर्ग, जेवण आणि झोप एकाच दिनक्रमात बसवलेली होती. चाकणमधल्या मुलाला मात्र पूर्ण शिफ्ट करावी लागते आणि वर पाणी भरणे, कपडे धुणे, स्वयंपाक हेही स्वतःच पाहावे लागते. वसतिगृहाने जी शिस्त दिली असती, ती इथे खोलीतल्या तिघा-चौघांना मिळून बसवावी लागते.

त्यात पहिला नंबर झोपेचा. साधारणपणे सगळे आधी अभ्यासाचे तास लिहितात आणि उरलेल्या वेळेत झोपतात. शिफ्टवाल्यांनी हे उलटे करायला हवे. विशीतल्या माणसाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते, म्हणून रात्रभर जागून केलेले पाठांतर परीक्षेत दगा देते. शरीराचे स्वतःचे घड्याळ असते आणि ते प्रामुख्याने उजेडावर चालते. हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. नाईट शिफ्ट करून आलेल्याला दिवसा झोप का लागत नाही, याचे उत्तर या घड्याळात आहे. शरीर थकलेले असते, पण उजेड मेंदूला जागे ठेवतो.

त्यावर साधे उपाय आहेत. खिडकीला जाड गडद पडदा किंवा जुनी चादर लावावी, डोळ्यांवर पट्टी बांधावी, कानात कापसाचे बोळे घालावेत. मोबाइल सायलेंट करून उशीपासून लांब ठेवावा. गावाकडच्यांना झोपेची वेळ सांगून ठेवली, तर दुपारी बाराला ‘जेवलास का?’ म्हणून फोन येत नाही. नाईटच्या आठवड्यात शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आसपासच संपवावा, कारण चहा-कॉफीतले निम्मे कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असते. नाईट संपल्यावर पुणे-नाशिक रस्त्यावर पेंगत दुचाकी चालवणे जिवावर बेतू शकते. त्यापेक्षा कंपनीची बस बरी.

झोप ठरली, की अभ्यासाला जागा सापडते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ हाती असते आणि सेकंडच्या आठवड्यात सकाळ. गणित, अकाउंट्स, इंग्रजी असे अवघड विषय या दोन आठवड्यांत घ्यावेत. नाईटच्या आठवड्यात नवीन धडा उघडू नये, फक्त उजळणी करावी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिले होते, की वाचलेले फार वेगाने विसरले जाते, पण अंतराअंतराने उजळणी केली तर टिकते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हे सोयीचेच आहे. बसमधली वीस मिनिटे आणि जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटे उजळणीला पुरतात. पुस्तक मिटून आठवून पाहावे आणि अडले तिथेच पान उघडावे. महिन्याचा शिफ्टचा तक्ता, परीक्षा अर्जाची मुदत, गृहपाठ जमा करण्याची तारीख आणि घरभाडे हे सगळे एकाच वहीत लिहावे. परीक्षेचे वेळापत्रक हाती येताच सुपरवायझरकडे रजेचा अर्ज द्यावा.

जेवणाचे गणित पैशांशी जोडलेले आहे. मेस परवडत नाही म्हणून वडापाव आणि चहावर दिवस काढणारे कमी नाहीत. खोलीतल्या चौघांनी पाळी लावून स्वयंपाक केला, तर वरण-भात, भाजी-भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ स्वस्तात होते. सोबत शेंगदाणे, गूळ, केळी, पेरू आणि जमल्यास उकडलेले अंडे ठेवावे. नाईटला मुख्य जेवण शिफ्टपूर्वीच करावे आणि मध्यरात्रीनंतर हलके खावे, कारण रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. म्हणून लाइनवर उभे राहणाऱ्या मुलींनी धाप, चक्कर, सतत थकवा याकडे ‘कामाचा शीण’ म्हणून दुर्लक्ष करू नये. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातले टॅनिन लोह अंगी लागू देत नाही.

आठ तास उभे राहिले म्हणजे व्यायाम झाला, असे नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोजचे वीस-बावीस मिनिटे झपाझप चालणे तेवढे भरते. पोलीस भरतीची तयारी करणारे पहाटे धावतात. मात्र नाईट करून आल्याआल्या धावायला जाऊ नये, आधी झोपावे.

आणखी एक त्रास कोणी बोलून दाखवत नाही, तो एकटेपणाचा. घरी पैसे पाठवायचे, कंत्राट कधी संपेल ते ठाऊक नसते, वर्गमित्र पुढे गेलेले दिसतात. झोप उडाली, अभ्यासातून मन उठले, जगणे नकोसे वाटू लागले, तर खोलीतल्या मित्राला सांगावे आणि 14416 या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

मुलांनी करायचे ते एवढे. पण सगळा भार त्यांच्यावरच टाकणे न्यायाचे नाही. कंपन्यांनी शिफ्टचा तक्ता महिनाभर आधी द्यावा. पाळ्या फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पुढच्या क्रमाने फिरवाव्यात, कारण शरीराला तो क्रम उलट्यापेक्षा सोपा जातो. परीक्षेच्या आठवड्यात शिकणाऱ्या ट्रेनीला नाईट लावू नये. महाविद्यालये आणि अभ्यास केंद्रांनी प्रात्यक्षिके व मार्गदर्शन वर्ग कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवावेत. चाकणमध्ये हा वार बहुतेकांना ठाऊक असतो, कारण त्या दिवशी वीजपुरवठाही अनेकदा बंद असतो. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. व्यवस्थापक आणि प्राचार्यांनी एकदा एकत्र बसून हे ठरवावे.