खेळाचा संगणक आणि मदरबोर्डाची निवड

खेळासाठीं संगणक घ्यावयाचें ठरलें म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबांत पहिला खल होतो तो पैशाचा. रक्कम ठरलेली असते. तींतून ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम, साठवणीची डिस्क, पॉवर सप्लाय, आणि ह्या सर्वांना पोटांत घेणारी कॅबिनेट, एवढ्या वस्तु उभ्या करावयाच्या असतात. मुलाचें सारें लक्ष ग्राफिक्स कार्डावर खिळलेलें, वडिलांचें बेरजेवर. आणि ह्या ओढाताणींत मदरबोर्डाची बहुधा दोहोंपैकीं एक गति होते. एक तर "ती एक पाटी, कोणतीहि चालेल" असें म्हणून दुकानांतील सर्वांत स्वस्त बोर्ड उचलला जातो. नाहीं तर रंगीत दिव्यांच्या रोषणाईला भुलून त्याच्यावर इतका पैसा खर्च होतो कीं, ज्या ग्राफिक्स कार्डासाठीं हा सारा खटाटोप, तेंच हलकें घ्यावें लागतें. दोन्ही चुका महाग पडतात, आणि दोहोंचें मूळ एकच: हा बोर्ड काय काम करतो ह्याविषयींचें अज्ञान.

मदरबोर्ड संगणकाचा वेग वाढवीत नाहीं, ही गोष्ट प्रथम पक्की ध्यानांत धरावी. तोच प्रोसेसर व तेंच ग्राफिक्स कार्ड स्वस्त बोर्डावर बसविलें काय किंवा तिप्पट किंमतीच्या बोर्डावर बसविलें काय, पडद्यावरील खेळाच्या गतींत डोळ्यांना जाणवण्यासारखा फरक सामान्यतः पडत नाहीं. मात्र स्वस्त बोर्डानें त्यांचें पोट पुरतें भरलें पाहिजे. ह्या 'मात्र' शब्दांत सारें मर्म आहे. बोर्डाचीं कामें दोन: निरनिराळ्या भागांची एकमेकांशीं गांठ घालून देणें, आणि प्रोसेसरला मानवेल अशी वीज अखंड पुरविणें. पहिलें काम आजचे बहुतेक सारे बोर्ड चोख करतात. विश्वासूपणाची परीक्षा होते ती दुसऱ्या कामांत.

पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्टची वीज मिळते. प्रोसेसरला हवी असते ती जेमतेम एक-सव्वा व्होल्टची. हा उतार घडवून आणणारी योजना प्रोसेसरच्या सॉकेटाशेजारींच असते. बाजारांत तिला व्ही. आर. एम. म्हणतात. वॅट तेच ठेवून दाब उतरविला म्हणजे प्रवाह त्या मानानें वाढतो, हा विजेचा साधा नियम; परंतु येथें तो विलक्षण रूप धारण करतो. रायझन ५ ७६०० हा मध्यम प्रतीचा प्रोसेसर घेतला, तर त्याला मिळणाऱ्या विजेची मर्यादा ८८ वॅट असते. छताच्या साध्या पंख्याहून ही फार मोठी नव्हे. पण ८८ वॅट १.२ व्होल्टच्या दाबानें द्यावयाचे म्हटलें, तर प्रवाह ७३ अँपियर भरतो. न्हाणीघरांतील २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ९ अँपियरहि घेत नाहीं! त्याच्या आठपट प्रवाह बोटभर जागेंतून न्यावयाचा आहे. रायझन ९ ७९५०एक्स ह्या बड्या प्रोसेसरची मर्यादा २३० वॅट. तेथें हाच हिशेब १९० अँपियरांवर जातो.

एवढा भार एकाच वाटेनें नेला तर ती वाट जळून जाईल. म्हणून तो अनेक वाटांवर वांटून देतात. ह्या वाटांना फेज म्हणतात. प्रत्येक फेजमध्यें वीज क्षणोक्षणीं चालू-बंद करणारे मॉस्फेट, तारेचें वेटोळें असलेला चोक, आणि प्रवाहांतील चढउतार गिळून टाकणारे कपॅसिटर असतात. विहिरीवर चार माणसें पाळीपाळीनें घागरी ओढूं लागलीं म्हणजे पाण्याची धार तुटत नाहीं आणि कोणाचेहि हात भरून येत नाहींत, तसाच हा प्रकार. परंतु पेटीवर ठळकपणें छापलेल्या फेजांच्या आंकड्यावर भिस्त ठेवूं नये. कित्येक बोर्डांत एकाच इशाऱ्यावर दोन वाटा जोडीनें चालतात आणि जाहिरातींत त्या दोन म्हणून मोजल्या जातात. शिवाय आठ दुबळ्या माणसांपेक्षां सहा दणकट माणसें केव्हांहि बरीं. एकेक फेज ५० अँपियर सोसतो कीं ८०, हें उत्पादकाच्या माहितीपत्रकांत दिलेलें असेल तर तें अवश्य पाहावें.

हा दाब उतरवितांना साधारणतः शेंकडा दहा भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. ८८ वॅटला ही उष्णता नऊ-दहा वॅट, २३० वॅटला पंचविसांच्या घरांत. ती उडवून लावण्यासाठीं मॉस्फेटांवर ॲल्युमिनियमचे हीटसिंक बसवितात. अगदीं स्वस्त बोर्डांवर तेवढेच नेमके गाळलेले असतात. मॉस्फेट फार तापले कीं बोर्ड प्रोसेसरला हात आंखडता घ्यावयास लावतो, भर रंगांत आलेला खेळ अडखळूं लागतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या माथीं येतो. कपॅसिटरांचें आयुष्यहि उष्णतेवरच अवलंबून असतें. आजच्या घन पॉलिमर कपॅसिटरावर १०५ अंशांना ५००० तास असें लिहिलेलें असेल, तर ८५ अंशांना तोच सुमारें ५०,००० तास टिकावा, असा ठोकताळा आहे. २००० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर असंख्य बोर्डांत गेले, त्यांचीं डोकीं फुगलीं, द्रव गळला, आणि चांगले चालते संगणक बंद पडले. घन कपॅसिटरांचा प्रसार होण्यास तो अनुभव बराचसा कारण झाला. परदेशांतील परीक्षणें बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलींत झालेलीं असतात. नागपूर-अकोल्याकडील मे महिन्यांतील दुपार त्यांच्या हिशेबांत नसते. तिच्यासाठीं पंधरा अंश आपल्या पदरचे मिळविणें शहाणपणाचें.

ह्याचा अर्थ प्रत्येकानें भारी बोर्ड घ्यावा असा नव्हे. खेळ चालू असतां प्रोसेसर आपल्या मर्यादेच्या बराच खालीं राहतो. सहा गाभ्यांच्या ६५ वॅट वर्गांतील प्रोसेसरला हीटसिंक असलेला ए ६२० चिपसेटाचा बोर्डहि पुरतो. पुढें मोठा प्रोसेसर बसविण्याचा विचार असेल, तर बी ६५० पैकीं मध्यम बोर्ड घ्यावा. त्याहून वर चढण्यांत खेळणाऱ्याच्या पदरांत फारसें कांहीं पडत नाहीं. नांव तेंच असलें तरी एकाच चिपसेटाचे दोन बोर्ड वीजपुरवठ्याच्या बाबतींत जमीन-अस्मानाचे असूं शकतात. चिपसेटाचें नांव ही जात झाली, गुण नव्हे.

दुसरी बाजू काळाची. ए. एम. डी. कंपनीच्या ए. एम. ४ सॉकेटाचे बी ३५० बोर्ड २०१७ सालीं आले. २०२२ सालीं खेळाकरितां नांवाजलेला रायझन ७ ५८००एक्स३डी निघाला, आणि त्या पांच वर्षांपूर्वींच्या बोर्डांपैकीं पुष्कळांवर नव्या बायोसच्या आधारें तो चालूं लागला. बोर्ड न बदलतां केवळ प्रोसेसर बदलून संगणक नव्यासारखा झाला, ही बचत लहान नव्हे. पण हें सुखासुखी घडलें नाहीं. मे २०२० मध्यें कंपनीनें जाहीर केलें होतें कीं, येणारी रायझन पिढी २०१८ च्या बी ४५० बोर्डांवर चालणार नाहीं. अनेक बोर्डांवरील बायोसची चिप अवघी १६ मेगाबाइटची, तींत इतक्या पिढ्यांची माहिती मावत नाहीं, हें एक कारण. ग्राहकांनीं ओरड केल्यावर त्याच महिन्यांत तो निर्णय फिरविण्यांत आला. इंटेलच्या एल. जी. ए. १७०० सॉकेटानें २०२१ पासून बारावी, तेरावी व चौदावी अशा तीन पिढ्या पाहिल्या, आणि २०२४ मध्यें नवें सॉकेट आलें. ए. एम. ५ हें सॉकेट २०२२ चें. २०२७ व त्यापुढेंहि त्याला आधार देण्याचें कंपनीनें २०२४ मध्यें सांगितलें आहे.

बायोस ही केवळ सोयीची वस्तु नव्हे. २०२३ मध्यें कांहीं रायझन ७००० प्रोसेसर सॉकेटांतच जळाले, तेव्हां एका अंतर्गत दाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घालणारा बायोस काढावा लागला. २०२४ मध्यें इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या दुखण्यावरहि उतारा बायोसमधूनच आला. म्हणून जो उत्पादक जुन्या बोर्डांसाठींहि नवे बायोस देत राहतो, त्याच्या मालाला दोन पैसे अधिक द्यावे. पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवितांहि, बायोस बदलणारें बटन मागील बाजूस असल्यास उत्तम. दुकानांत पडून राहिलेला बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाहीं, तेव्हां तें हेलपाटे वांचवितें.

वाय-फाय, झगमगते दिवे, चारांऐवजीं दोन रॅमच्या खांचा, ह्या गोष्टींवर फार वेळ दवडूं नये. दोन खांचांत दोन सारख्या पट्ट्या बसविल्या कीं काम भागतें. एकच पट्टी घालणें मात्र टाळावें. ए. एम. ५ वर डी. डी. आर. ४ ची जुनी रॅम बसत नाहीं, हेंहि आधींच जाणून घ्यावें.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो कीं पुण्याची तपकीर गल्ली, पक्क्या पावतीवर बोर्डाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि वॉरंटी भारतांतील अधिकृत आयातदाराची आहे कीं नाहीं हें विचारावें. ए. एम. ५ सॉकेटांत १७१८ केसासारख्या नाजूक पिना असतात. त्यांतील एक जरी वांकली असली तरी वॉरंटी नाकारली जाण्याचा संभव असतो. म्हणून दुकानदारासमोरच झांकण उघडून पाहावें व छायाचित्र काढून ठेवावें. बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वीं एखाद्या उन्हाच्या दुपारीं, पंखा बंद करून, संगणकाला दोन तास जड खेळांत गुंतवावें. त्यांत तो मध्येंच पुन्हां सुरूं झाला किंवा खेळ मंदावला, तर आधीं बोर्डाच्या तापमानाचा आंकडा पाहावा, आणि तो शंभरीच्या पुढें गेला असेल तर बोर्ड त्याच दिवशीं परत न्यावा.