तेरा तासांची रात्र

रील्समध्ये वाळवंटातला तंबू एकतर संध्याकाळी सहाला दिसतो, नाहीतर सकाळी सातला. सोनेरी उजेड, उंटांची रांग, हातात वाफाळता चहा. मधलं कुणी दाखवत नाही. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि उगवतो सव्वासात वाजून गेल्यावर. म्हणजे तेरा तासांहून जास्त अंधार आणि सोबतीला कुणीच नाही. सोलो रोड ट्रिपमध्ये थरच्या वाळवंटात तंबू टाकायचं डोक्यात असेल, तर आधी या तेरा तासांचा प्लॅन करा. बाकीचं मॅप बघून जमतं.

पुण्याहून जैसलमेर साधारण १२०० किलोमीटर. बाइकवर तीन दिवस धरा. दोन दिवसांत ‘मारणारे’ महाभाग आहेत, पण ते वाळवंटात पोहोचून नुसते झोपतात.

खरा प्रश्न तंबू कुठे टाकायचा हा. सम इथल्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे रिसॉर्टचे तंबू ओळीनं उभे आणि रात्री डीजे. शांतता हवी म्हणून आणखी आत शिरावं, तर डेझर्ट नॅशनल पार्क. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्याला नावानं माहीत असलेला माळढोक इथे अजून तग धरून आहे. त्याच्या घरात परवानगीशिवाय मुक्काम नाही. पश्चिमेला सरहद्द. लोंगेवाला, तनोट दिवसा जरूर बघा, पण तिथे आडबाजूला तंबू ठोकलात तर मध्यरात्री जवानांचा टॉर्च तोंडावर येईल. आणि त्यांचं बरोबरच असेल.

म्हणून खुडीसारख्या गावाकडे वळा आणि एखाद्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, सरळ विचारा. उजेड असताना विचारा. मी विचारलं तेव्हा तिथल्या आजींनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न टाकला, ‘घरी माहितीये का?’ मी मान डोलावली. घरी सांगितलं होतं, हॉटेलात आहे.

जागा ढाणीपासून हाकेच्या अंतरावर मिळाली. सोलोचा अर्थ आसपास माणूसच नको असा मी घेतला होता, त्यामुळे थोडी हिरमुसले. रात्री दोनला मत बदललं.

झालं असं, की तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. आपल्या सह्याद्रीतल्या मातीत घट्ट बसणारी खुंटी इथे लोण्यातल्या सुरीसारखी बाहेर येते. वारा सुटला आणि एक बाजू थेट माझ्या अंगावर. यावर उपाय सोपा आहे, मला सकाळी कळला: कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. टेकडीच्या माथ्यावर तर तंबू टाकूच नका, फोटो कितीही भारी येवो. अगदी खोलगटातही नको, थंड हवा तिथेच साचते. आणि थंडी म्हणजे खरी थंडी. कोरडी हवा, वर ढग नाहीत, दिवसभर तापलेली वाळू अंधार पडताच भराभर निवते. दुपारी टी-शर्टवर फिरणारे तुम्ही पहाटे कानटोपी शोधता.

पाणी दिवसाला किमान पाच लिटर, वर एका दिवसाचं जादा. पेट्रोल शहरातच फुल. डांबर सोडण्याआधी पायी चालून बघा. बूट रुतत असेल तर चाक रुतणारच. रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर पिळू नका, आणखी खाली जाल. टायरमधली हवा कमी करा (पंप सोबत हवाच). साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर बाइक सकाळी आडवी. फुरसं कोकणात आहे तसं इथेही आहे. थंडीत ते मंदावतं, पण त्या भरवशावर बूट बाहेर ठेवू नका. शेकोटीसाठी झुडपं तोडू नका, छोटा स्टोव्ह न्या.

तर, रात्रीचे दोन. तंबू अर्धा पडलेला, मोबाइलला रेंज नाही. डोक्यावर मृग आणि व्याध इतके लख्ख की टॉर्च नको वाटावा. क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे. मला मात्र एकच दिसत होतं: आत्ता पाय मुरगळला, तर मी कुठे आहे हे घरच्या एकाही माणसाला माहीत नाही. एकटीनं जाण्याची भीती नव्हती ती, थाप मारल्याची होती. तुम्ही निदान एका माणसाला खरं ठिकाण, ढाणीचं नाव आणि सकाळी फोन कधी करणार ते सांगून ठेवा. ओरडा खावा लागला तर खा.

उजाडलं तेव्हा तंबूभोवती खोकडाच्या पावलांची नाजूक रांग होती. रात्रभर मी ऐकलेलं ‘कुणीतरी’ ते हेच. आजींकडे चहा झाला. रस्त्याला लागल्यावर रेंजची एक कांडी आली, तशी घरी फोन लावला.

‘झोप झाली का गं?’ आईनं विचारलं. मी हो म्हणाले.

‘हॉटेलात एवढा वारा कसा?’

बाइक स्टँडवर लावली, खाली बसले आणि सांगायला सुरुवात केली.