हाकेला ओ न देणारे मूल : स्वमग्नतेची ओळख व उपचार

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, म्हणून आई काळजीत पडते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही उशिराच बोलला." हा धीर मायेपोटी दिलेला असतो. परंतु मूल नजरेला नजर देत नसेल, नावाने हाक मारली तरी वळत नसेल, तर अशा धीरात त्याची मोलाची वर्षे निघून जातात. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, याची प्राथमिक माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतील वेगळेपणा आहे. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून त्याकडे लक्ष वेधले. पुढे काही काळ आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला गेला; ते मत चुकीचे ठरले. लसीमुळे स्वमग्नता होते असे सुचविणारा १९९८ चा लेखही 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा आईला बोल लावू नये, लस चुकवू नये आणि अंगारे-धुपारे, गंडे-दोरे यांत वेळ घालवू नये.

पालकांनी काय पाहावे? साधारण एक वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देते, बडबडते, टाटा करते. दीड वर्षाचे मूल चांदोमामाकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहते; आपला आनंद तिलाही कळावा, ही त्यामागची ओढ असते. स्वमग्न मूल पाणी हवे असल्यास आपला हात धरून माठाकडे ओढत नेईल, पण नुसते दाखविण्यासाठी बोट करणार नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे यायला हवे. काही मुले गाडीचे चाकच फिरवत बसतात, ऐकलेले वाक्य तसेच पुन्हा म्हणतात, कुकरच्या शिट्टीने कान झाकतात. एखाद्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. मात्र आलेले शब्द मूल विसरू लागले, तर कोणत्याही वयात ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे जावे व कानाची तपासणी करून घ्यावी. ऐकू नीट येते म्हणजे शंका मिटली, असे मात्र नव्हे. स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. मुलाचे निरीक्षण करून व पालकांशी बोलून तज्ज्ञ निदान करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी होते आणि पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. अंगणवाडी ताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

स्वमग्नता पूर्ण घालविणारे औषध नाही. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तनोपचार आणि पालकांचे प्रशिक्षण हाच मार्ग आहे. तो लवकर धरल्यास मूल बोलणे, खाणे, कपडे घालणे, चार मुलांत मिसळणे अधिक चांगले शिकू शकते. निदानाचा कागद हाती येईपर्यंतही थांबू नये. मुलासमोर जमिनीवर बसून, ते ज्यात रमले आहे त्यातच सामील व्हावे. छोटी वाक्ये बोलावीत व उत्तरासाठी वाट पाहावी. स्टेम सेलने मूल बरे करतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून दागिने मोडू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वमग्नतेवर असा उपचार संशोधनाबाहेर देण्यास मान्यता नाही.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढण्यात कमीपणा मानू नये. तो मुलाचा हक्क आहे.

आपल्या वस्तीत असे मूल असेल, तर त्याला 'वेडे' म्हणून हिणवू नका. त्याच्या आईला सल्ले देण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात जा. विद्यार्थी मित्रांनी अर्ज भरून द्यावेत. एवढे आपण प्रत्येकाने केले, तरी एखाद्या मुलाची दोन वर्षे वाचतील आणि त्या वयात दोन वर्षे फार मोठी असतात.