आधी साखर पाहा!

दिल्लीतील मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रात्री-अपरात्री असे रुग्ण येतच असतात. कुणाची जीभ जड झालेली, एक हात लुळा पडलेला. घरचे म्हणतात, पक्षाघात. कुणी घामाने निथळत असंबद्ध बरळतो आहे; बघणारे म्हणतात, प्यायलेला दिसतो. अनुभवी डॉक्टर मात्र इतर तपासण्यांआधी बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतात. साखर ७० च्या बरीच खाली असेल, तर शिरेतून ग्लुकोज दिले जाते आणि लुळा वाटणारा हात काही मिनिटांत हलूही लागतो!

या एका थेंबाचे मोल बिहारमधील मुजफ्फरपूरने फार मोठी किंमत देऊन जाणले. तेथे १९९५ पासून उन्हाळ्यात लहान मुले पहाटे किंचाळून उठत, फिट येत आणि बेशुद्ध होत. सर्वांनी त्याला मेंदूज्वर मानले. २०१४ च्या मे ते जुलै या काळात तेथील दोन रुग्णालयांत अशी ३९० मुले दाखल झाली; त्यांतील १२२ दगावली. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकी तज्ज्ञांसह तपास केला. निम्म्याहून अधिक मुलांची साखर ७० किंवा त्याहून कमी होती. लिचीतील काही द्रव्ये शरीराला साखर तयार करू देत नाहीत. त्यातच मूल रात्री न जेवता झोपले, तर यकृतातील साठा पहाटेपर्यंत संपतो. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सल्ला साधा होता: मुलांना लिची बेताने द्या, रात्री जेवू घाला आणि आजारी मुलाची साखर ताबडतोब सुधारा.

उपास आणि गोळी

लिची नसली, तरी उपाशीपोटीचा धोका आपल्या घरातही असतो. एकादशी असो की नवरात्र, मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली जाते. जेवण मात्र टळते. हातपाय थरथरणे, छातीत धडधड, घाम, चिडचिड ही पहिली लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. काही गोळ्यांचा असर बराच काळ टिकतो, साखर पुन्हा उतरते. म्हणूनच बरे वाटल्यावरही डॉक्टर अशा रुग्णाला ठेवून घेतात. घरी नेण्याची घाई करू नये.

पोटदुखी की वाढलेली साखर?

उलट प्रकारही तितकाच फसवा. सतत तहान, वारंवार लघवी, मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लधर्मी होते. मुलांमध्ये मधुमेह असल्याचे कित्येकदा याच वेळी प्रथम कळते. रुग्णालयात आधी सलाईन, रक्तातील पोटॅशियमवर लक्ष आणि मग इन्सुलिन, असा बेताबेताने उपचार चालतो. घरची नेहमीची चूक म्हणजे ‘खात नाही, मग इन्सुलिन कशाला?’ म्हणून ते बंद करणे. आजारपणात इन्सुलिन बंद करू नये. मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे.

दमा किंवा सांधेदुखीसाठी अनेक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही त्या एकदम थांबवू नयेत. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. कॅज्युअल्टीत हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले, तर रुग्ण सावरतो. पण गोळ्यांची गोष्ट डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवी!

नोएडा-गाझियाबादहून दिल्लीच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत वाहतुकीत बराच वेळ जातो. आपल्या पुण्या-ठाण्यातही वेगळे नाही. म्हणून मधुमेही असलेल्या घरात साखर तपासण्याचे यंत्र हाताशी असावे आणि चालू औषधांची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात. मदतीसाठी ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावेत. रुग्णालयात पाऊल टाकताच पहिले वाक्य म्हणावे, ‘डॉक्टर, यांना मधुमेह आहे, साखर आधी पाहा.’