वाचनालयात मूल सोडताना

पालकहो,

गेल्या एप्रिलच्या पालकसभेत मीच आपणांस सांगितले होते, की सुट्टीत मुलांना मोबाइलपासून दूर ठेवायचे असेल तर वाचनालयात पाठवा. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतले. म्हणून मे महिन्यात जे घडले त्यात माझाही वाटा आहे.

आपल्या शाळेतील चौथीतला एक मुलगा. आई-वडील दोघेही नोकरीला. आई त्याला रोज अकरा वाजता शहरातील एका वाचनालयात सोडायची आणि पाच वाजता न्यायला यायची. पंधरा दिवस सगळे सुरळीत चालले. एके दिवशी काही कारणाने वाचनालय दुपारी एकलाच बंद झाले. मुलगा बाहेर पायरीवर बसला. नेहमी वर्तमानपत्र वाचायला येणारे एक आजोबा म्हणाले, "चल बाळा, घरी सोडतो." तो गेला नाही. त्यांनी आईचा नंबर विचारला, तो पाठ नव्हता. मोबाइलमध्ये नुसते 'आई' लिहिलेले असते, आकडे कोण बघतो? आजोबा थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. पाच वाजता आई आली तेव्हा पायरीवर कोणी नव्हते. पाणी शोधत तो दोन चौक पुढे गेला होता. सापडायला वीस मिनिटे लागली.

दुसऱ्या दिवशी आईने ग्रंथपालांना जाब विचारला. ते म्हणाले, "बाई, मी पुस्तके सांभाळतो, मुले सांभाळत नाही." हे उत्तर ऐकून मलाही प्रथम राग आला. नंतर विचार केला, तेव्हा त्यात खोटे काहीच नव्हते. मूल त्यांच्या ताब्यात दिले असे आईने मानले, पण ते दिले असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

शाळा आणि सार्वजनिक वाचनालय यांत हाच फरक आहे. शाळेत हजेरी होते, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा डोकी मोजली जातात, चिठ्ठीशिवाय शिपाई फाटकाबाहेर सोडत नाही. वाचनालयात कोण आले, कोण गेले, कोणाबरोबर गेले, हे कोणी बघत नाही. दाराशी सही घेतात ती वाचकसंख्येसाठी. कपाटे माणसाच्या उंचीची, त्यांच्या मधल्या बोळात कोण आहे ते टेबलावरून दिसत नाही. शिवाय तिथे कोणीही येऊन बसू शकतो, आणि बसू शकलाच पाहिजे. सार्वजनिक या शब्दाचा अर्थच तो.

मग मुलांना पाठवूच नये का? एका विश्वस्त महोदयांनी तसे सुचवले आहे, शाळेच्या वाचनालय-भेटीही बंद कराव्यात असे त्यांचे मत आहे. त्यांची काळजी मी समजते, परंतु मला हे मान्य नाही. माझे माहेर इंदूरचे, पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी बोलत होतो, पण मराठी पुस्तक वाचायला मी शिकले ती गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात. माझ्या मराठीत आजही हिंदी डोकावते, ते वाचनालय नसते तर एवढीही आली नसती.

आणि आपण तर वडोदऱ्यात राहतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून या संस्थानात वाचनालयांचे जाळे उभारायला घेतले. मांडवीजवळची काचेच्या फरशीची सेंट्रल लायब्ररी मुलांनी पाहिलेली आहे. त्या काळीच मुलांसाठी वेगळी खोली, तीत खेळ आणि चित्रांची पुस्तके, अशी सोय केलेली होती. त्यामागे वाचनाची गोडी होतीच, पण वेगळ्या खोलीचा आणखी एक उपयोग आहे. कपाटे ठेंगणी ठेवता येतात, सगळी मुले एका नजरेत येतात, आणि मुलाशिवाय आलेला मोठा माणूस तिथे लगेच डोळ्यांत भरतो. आपण वाचनालय निवडाल तेव्हा अशी खोली आहे का, तिथे कोणी बसते का, हे आधी स्वतः जाऊन पाहा. स्वच्छतागृह कुठे आहे तेही पाहा. ते बहुधा मागच्या अंगाला, जिन्याखाली असते.

वयाचा नियम कायद्यात शोधू नका. माझा अंदाज सांगते: दहा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचे मोठे माणूस त्याच खोलीत हवे. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांनी दोघे-तिघे मिळून जावे, तास-दीड तासासाठी. त्यापुढची मुले एकटी जातील, पण जाण्या-येण्याची वेळ घरी ठरलेली असावी. आणि वाचनालय लवकर बंद झाले तर कुठल्या दुकानात जाऊन थांबायचे व कोणाच्या फोनवरून घरी कळवायचे, हे पहिल्याच दिवशी मुलाला बरोबर नेऊन दाखवा.

आता थोडे विद्यार्थ्यांशी. बाळांनो, तुमच्या त्या मित्राने आजोबांबरोबर जायला नकार दिला, ते बरोबर केले. आजोबा भले होते, तरीही बरोबर केले. कोणी तुम्हाला नावाने हाक मारली म्हणजे तो ओळखीचा ठरत नाही, नाव तर तुमच्या ओळखपत्रावर आणि दप्तरावर लिहिलेले असते. शाळा सुटल्यावर ओळखपत्र गळ्यातून काढून आत ठेवा. आणखी एक. 'शांतता राखा' ही पाटी तुम्ही इतकी वर्षे पाळत आला आहात, की वाचनालयात आवाज चढवायचा तुम्हाला संकोच वाटेल. कोणी अंगचटीला आले, नको तिथे हात लावला, कोपऱ्यात बोलावले, तर ती पाटी तेवढ्यापुरती नाही असे समजा. मोठ्याने ओरडा. उजेडात, माणसांत या. त्याच दिवशी घरी किंवा आम्हाला सांगा, तो कितीही ओळखीचा असला तरी. तुम्हाला कोणी रागावणार नाही. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठीच आहे, त्यावर मुलेही फोन करू शकतात.

मोठ्यांसाठी एवढेच, की असा प्रकार कळल्यावर 'मुलाचे नाव खराब होईल' म्हणून गप्प बसणे २०१२ च्या पोक्सो कायद्याला मान्य नाही. अठरा वर्षांखालील मुलाबाबत असे काही कळले तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवर तर आहेच.

शाळेच्या शनिवारच्या भेटी चालू राहतील. दर पंधरा मुलांमागे एक शिक्षक असेल, निघताना, पोहोचल्यावर आणि परतताना डोकी मोजली जातील. सुट्टीत शाळेचेच वाचनालय पाच वाजेपर्यंत उघडे ठेवावे, त्यासाठी एका व्यक्तीचे मानधन मंजूर व्हावे, अशी विनंती मी विश्वस्त मंडळाकडे लेखी केली आहे. ज्यांच्या घरी दिवसा कोणी नसते, त्यांना दुसरा आधार काय?

तो मुलगा आता रविवारी आजोबांबरोबर, म्हणजे स्वतःच्या आजोबांबरोबर, त्याच वाचनालयात जातो. आजोबा पेपर उघडतात आणि दहा मिनिटांत पेंगू लागतात असे तो सांगतो. पण आईचा नंबर त्याने मला उलटाही म्हणून दाखवला. पुढच्या सोमवारी वर्गशिक्षिका प्रत्येक मुलाला घरचे दोन नंबर तोंडी विचारणार आहेत. तेवढी तयारी करून पाठवावे.