चार्जिंग मशीन नंतर, आधी डीपी बघा!

तायांनो,

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत ताई म्हणाल्या, "फाट्यावर गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकू. मशीनवाला म्हणतो, कर्ज काढा, मशीन लगेच देतो." कल्पना चांगली आहे. पण मशीनला वीज कुठून मिळणार, हे कोणीच विचारलं नव्हतं. आणि मशीन बंद पडून राहिलं तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

हिशोब सोपा आहे. ५ एचपीची मोटार साधारण पावणेचार किलोवॅट वीज ओढते. चारचाकीचं ५० किलोवॅटचं फास्ट चार्जर म्हणजे अशा तेरा मोटारी एकदम चालू! गावातली डीपी ६३ केव्हीएची असेल, तर एवढ्यानेच ती भरत आली. मग घरातले दिवे मिणमिणणार, फ्यूज उडणार. उलट स्कूटर आणि ई-रिक्षासाठीचा ३.३ किलोवॅटचा पॉइंट एका मोटारीपेक्षाही कमी वीज घेतो. म्हणून सुरुवात लहान पॉइंटने करा.

कर्जाचा ठराव करण्याआधी एवढं करा:

१. वायरमन दादांना विचारा: जागेजवळची डीपी किती केव्हीएची, तिच्यावर आत्ता लोड किती?

२. जोडणी गावठाण फीडरवरून मिळेल का ते बघा. शेतीच्या फीडरला वीज ठराविक तासच असते.

३. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज करा. त्याचा दरही वेगळा असतो. २०२४ च्या नियमाप्रमाणे पूर्ण अर्ज दिल्यावर ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी. लाइन वाढवायची असेल तर जास्त वेळ लागतो. अर्जाची पोच जपून ठेवा.

४. कोटेशनची रक्कम कळली की तीही खर्चात धरा. त्यानंतरच कर्जाचा आकडा ठरवा.

"तोपर्यंत घरच्या नाहीतर मोटारीच्या मीटरवरून धंदा करू," असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने बिल येऊ शकतं.

बाकी घाबरायचं कारण नाही. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. गट म्हणून तुम्ही ते चालवू शकता.

पुढच्या बैठकीला डीपीवरचा आकडा लिहून आणा. हिशोब आपण मिळून मांडू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक