चैत्रात अन्नपूर्णेकडे

नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक मनात असेल, तर आखणीला बसायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. मार्चअखेर ते एप्रिल हा तिकडचा वसंत. तोवर आपल्याकडे ज्वारी-हरभऱ्याची रास घरात आलेली असते, परीक्षा आटोपत आलेल्या असतात आणि मृगाच्या पेरणीला अवकाश असतो. परभणीत पारा चाळिशी ओलांडायला लागतो, तेव्हा घोरेपानी-घांद्रुकच्या बाजूचे डोंगर लालीगुरांसाने लाल झालेले असतात. हे नेपाळचं राष्ट्रीय फूल. दिवाळीपासून तयारीला हातात साधारण पाच महिने राहतात आणि सपाटीवरच्या माणसाला ते सगळे लागतात.

चालण्याची आपल्याला भीती नाही. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते आणि साठी उलटलेल्या आयाबाया तिच्यासोबत महिनाभर चालतात. अन्नपूर्णेच्या वाटेवर रोज चालायचं अंतर वारीतल्या मजलेपेक्षा कमीच भरतं. प्रश्न उंचीचा आहे. परभणी समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटरवर, आणि जिंतूरचा नेमगिरी किंवा गंगाखेडकडचा बालाघाट म्हणजे टेकड्याच. बेस कॅम्प आहे ४१३० मीटरवर. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटरचं, म्हणजे आपल्या राज्यात या उंचीचा सराव करायला जागाच नाही. म्हणून या ट्रेकची आखणी किलोमीटरवर करायची नाही, मुक्कामांवर करायची. बाकी सगळं त्यामागून येतं.

वाट अशी आहे. पोखरा साधारण ८०० मीटरवर. तिथून जीपने घांद्रुक किंवा झिनूच्या बाजूला जायचं, मग छोमरोंग (सुमारे २१७० मीटर), सिनुवा, बांबू, दोभान, हिमालय (हेही एका मुक्कामाचंच नाव), देउराली (सुमारे ३२००), माच्छापुच्छ्रे बेस कॅम्प (३७००) आणि शेवटी अन्नपूर्णा बेस कॅम्प. पूर्वी नयापूलपासूनच पायी चालावं लागे, त्यामुळे शरीराला दोन दिवस आपोआप मिळत. आता जीपचा रस्ता वर सरकलाय आणि ट्रेक कंपन्यांनी दिवस कमी केलेत. काही जण दोभानहून थेट बेस कॅम्प गाठायला लावतात, म्हणजे एका दिवसात पंधराशे मीटरच्या आसपास चढ. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला वेगळा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की छोमरोंगनंतर बेस कॅम्पपर्यंत मुक्काम किती? माझ्या मते दोभान किंवा हिमालय, देउराली आणि माच्छापुच्छ्रे बेस कॅम्प असे तीन मुक्काम हवेत. शिवाय एक दिवस मोकळा. पैसे वाचवायचे तर पोखऱ्याच्या हॉटेलात वाचवा, या दिवसांत नको.

वर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब घटतो. चार हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून शरीराला कमी मिळतं. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. आपल्याकडची सवय अशी, की डोकं दुखून मळमळलं की 'पित्त झालंय' म्हणायचं, एक गोळी घ्यायची आणि पुढे चालायचं. डोंगरात ही सवय जिवावर बेतू शकते. उंचीवरच्या डोकेदुखीला, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, उंचीचंच दुखणं मानायचं. त्या दिवशी वर जायचं नाही. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येईना, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला यायला लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. अॅसिटाझोलामाइडची गोळी अनेक जण घेतात. ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर. मधुमेह आणि रक्तदाबवाल्यांनी तपासणी जानेवारीतच उरकावी.

मागे फिरण्यात कमीपणा नाही, हे सांगायला आपल्याच मराठवाड्यातलं नाव आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे यांनी २०१७ मध्ये एव्हरेस्टचा माथा जवळ आलेला असताना खराब हवामानामुळे माघार घेतली आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन तो गाठला.

वसंतातला दुसरा धोका हिमप्रपाताचा. हिमालय ते माच्छापुच्छ्रे बेस कॅम्प या टप्प्यात वाट हिउंचुलीच्या उतारांखालून जाते. हिवाळ्याचा बर्फ ऊन लागलं की सुटतो. जानेवारी २०२० मध्ये देउरालीजवळ हिमप्रपात होऊन चार कोरियन आणि तीन नेपाळी माणसं गेली. म्हणून हा टप्पा पहाटे, ऊन चढायच्या आत ओलांडायचा. ताजा बर्फ पडला असेल तर खालच्या लॉजवर थांबायचं. मोकळा दिवस ठेवायचा तो इथेच कामी येतो. एप्रिलमध्ये सकाळ स्वच्छ असते आणि दुपारी ढग येऊन गारा पडतात. तेव्हा सहाला निघून दीड-दोनपर्यंत मुक्काम गाठणं हा रोजचा नियम.

आता सराव. परभणीत चढ नाही, पण जिने आहेत. दिवाळीनंतर कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे रोज तासभर झपझप चालायला लागा. जानेवारीपासून पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन तीन-चार मजली इमारतीचे जिने चढा-उतरा. उतरणं जास्त महत्त्वाचं. छोमरोंगहून ओढ्यापर्यंत दगडी पायऱ्यांची लांबच लांब उतरण आहे, आणि परतताना तीच चढायची आहे. गुडघे दुखतात ते उतरताना. महिन्यातून एकदा देवगिरी किल्ला किंवा माहूरचा डोंगर गाठा, आणि जमलं तर फेब्रुवारीत हरिश्चंद्रगडावर दोन दिवस जा. बूट डिसेंबरमध्येच घ्या, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजा घालून. उताराच्या फळीवर उभं राहून बघा: अंगठा पुढे टेकला, तर तो बूट नको. नव्या बुटांनी ट्रेकला जाऊ नका.

कपडे एकावर एक घालायचे. घामाचं पाणी धरणारं सुती बनियन वर उपयोगाचं नाही. रात्री शून्याच्या खाली जातात, म्हणून पिसांचं जाकीट हवं. ते पोखऱ्यात भाड्याने मिळतं. खाण्याची काळजी नको. वाटेवर लॉज आहेत, डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात, आणि छोमरोंगच्या वर धार्मिक श्रद्धेमुळे मांस नेत नाहीत. समोरचं माच्छापुच्छ्रे (६९९३ मीटर) तिथल्या लोकांना पवित्र आहे, त्यावर चढाईला बंदी आहे. शाकाहारी माणसाला ही वाट सुखाची. तरी शेंगदाण्याची चटणी आणि खजूर जवळ असू द्या; धपाटे पोखऱ्यापर्यंत टिकतात.

जायचं कसं? मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तिथून सोनौली सीमा आणि पुढे बसने पोखरा, हा स्वस्तातला रस्ता. वेळ कमी असेल तर सचखंड एक्सप्रेसने दिल्ली आणि विमानाने काठमांडू. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. विमानतळावर आधार कार्ड चालत नाही, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपयांत मिळतो, इतर परदेशी लोकांना ३००० पडतात. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरना गाइड सक्तीचा केला आहे. तो नियम नसता तरी मी गाइड घ्या असंच म्हटलं असतं: देउरालीच्या पुढची वाट आज सुरक्षित आहे की नाही हे त्यालाच कळतं. हमाल घेणार असाल तर त्याचा विमा आणि गरम कपडे आहेत का, ते आधी विचारा.

तुमच्या स्वतःच्या विम्यातलं एक कलम नीट वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांमध्ये ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक किंवा हेलिकॉप्टरने सुटका बसत नाही. तुमच्या पॉलिसीत ४१३० मीटर आणि हेलिकॉप्टर ही दोन्ही लेखी असली पाहिजेत. तारखा ठरवताना एप्रिलच्या मध्याला येणारं नेपाळी नववर्ष टाळा, तेव्हा लॉज भरलेले असतात. मार्चचा शेवटचा आठवडा ते १० एप्रिल हा काळ मला सर्वांत बरा वाटतो.

चार-पाच जणांचा गट असेल तर दिवाळीच्याच सुट्टीत एकदा एकत्र बसा. सगळ्यांच्या मतदार कार्डावरचं नाव आणि तिकिटावर घालायचं नाव एकच आहे ना, ते तपासा. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि रेल्वेची आरक्षणं उघडण्याआधी ती झालेली असली पाहिजे.